पाचव्याच्या वेळी

"चारच झाली की गं. पाचवं कुठं गेलं?"

आत्या माझ्या मागे भिंतीला टेकून बसली होती. हे ती शेजारच्या बाईच्या कानात म्हणाली, पण आत्याची कुजबुज शेजारच्या फ्लॅटमध्येही ऐकू जाते. मी हात जोडलेलेच ठेवले आणि समोरच्या मेणबत्तीकडे बघत राहिले. शेवटचं 'साधु' म्हणून झालं होतं. हॉलभर बसलेली माणसं पाय मोकळे करत होती, बायका पांढऱ्या साड्यांचे पदर सारखे करत होत्या, कुणीतरी पंखा वाढवा म्हणत होतं. पंचशील झालं असं सगळ्यांना वाटलं होतं, कारण ते मीच संपवलं होतं.

चिकलठाण्याच्या आमच्या नव्या फ्लॅटचा गृहप्रवेश होता. भिंतींना रंगाचा वास होता, खिडक्यांना पडदे लागायचे होते. वंदना घेणारे बौद्धाचार्य पडेगावचा एक कार्यक्रम उरकून येणार होते आणि तिकडेच अडकले होते. पप्पांना वेळेचं फार. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू सुरू कर. ते येईपर्यंत त्रिसरण-पंचशील होऊन जाऊ दे."

हे काम लहानपणापासून माझ्याकडेच आहे. मी चारचौघांत तोंड उघडत नाही हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. लग्नात मी दिसले नाही तर मला स्वयंपाकघरात किंवा गच्चीवर शोधतात. पण पाली म्हणायची मला कधी भीती वाटली नाही. ते शब्द माझे नव्हते, म्हणून असेल. इंग्रजी शाळेत पोएम पाठ करावी तसं मी ते नुसत्या आवाजावरून पाठ केलं होतं, अर्थ पुष्कळ उशिरा कळला. मी एक ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी माझ्या मागून म्हणायची. तेवढा वेळ मी लाजरी मुलगी नसते.

पाच शीलं असतात. हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं यांपासून दूर राहण्याची चार, आणि पाचवं नशेपासून दूर राहण्याचं. चौथंसुद्धा खरं तर त्या दिवशी मी म्हणायला नको होतं, पण ते तोंडातून निघून गेलं. मग दाराजवळ काका उठले.

काका म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ. ते पितात. आमच्या घरात हे कुणी मोठ्यानं म्हणत नाही, पण काकांची एक सवय सगळ्यांना ठाऊक आहे. कुठलाही कार्यक्रम असो, चौथं शील संपत आलं की ते खिशातला मोबाइल काढतात, कानाला लावतात आणि कुणाचाही फोन आलेला नसताना बाहेर जातात. पाचवं झालं की परत येऊन बसतात. लहानपणी आम्हा भावंडांना ते फार विनोदी वाटायचं. त्या दिवशी ते मोबाइल कानाला लावून वाकून दाराबाहेर गेले, आणि मला वाटलं, हे निदान न पाळायचं वचन देत तरी नाहीत. माझ्या पांढऱ्या कुर्त्याच्या खिशात टिश्यूपेपरमध्ये गुंडाळलेल्या गोळ्या होत्या. मांडी घातल्यामुळे ती पुरचुंडी मांडीला टोचत होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत पुढच्या ओळीची वाट पाहत होते. मी तोंड उघडलं आणि 'साधु' म्हणाले. सगळे माझ्यामागून 'साधु' म्हणाले, एक डोळा घड्याळावर ठेवलेले पप्पासुद्धा.

"अगं, मुद्दाम गाळलं असंल," आत्या मागे म्हणत होती. "तिच्या काकाला लाज वाटू नये म्हणून. शहाणी हाय पोरगी, बोलत नाय पण समजतंय तिला."

शेजारची बाई "व्हय, व्हय" म्हणाली.

*

दोनेक वर्षांपूर्वी जालना रोडवर माझी स्कूटी घसरली. पायाचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत रॉड बसवला. त्या वेळच्या वेदना खऱ्या होत्या आणि गोळ्याही खऱ्या डॉक्टरांनीच दिल्या होत्या. गोळी घेतली की काही वेळानं पायातली कळ कमी व्हायची, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट व्हायची जी मी कुणाला सांगितली नाही. माझी भीती जायची. मला नेहमी थोडी भीती वाटत असते. फोन वाजला की, ऑफिसात कुणी टेबलाजवळ येऊन उभं राहिलं की, लिफ्टमध्ये ओळखीचं माणूस भेटलं की. ती आयुष्यात पहिल्यांदा गेली. कुणीतरी आतून ऊबदार पांघरूण घालावं तसं वाटायचं. मी ऑफिसात मीटिंगमध्ये बोलायला लागले. एकदा तर जेवताना विनोद सांगितला. मम्मी म्हणाली, अपघातानंतर पोरगी मोकळी झाली.

पाय बरा झाला. डॉक्टरांनी गोळी बंद केली, मी नाही केली. जुनी चिठ्ठी दाखवून कुठं मिळायची, कुठं नाही मिळायची, कुठं मेडिकलवाला माझ्याकडे आणि चिठ्ठीकडे आळीपाळीनं बघायचा. मी चेहरा कोरा ठेवायला शिकले. नीट कपडे, खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि थोडं इंग्रजी असलं की लोक फार प्रश्न विचारत नाहीत. पांघरुणासारखं वाटणं तर केव्हाच थांबलं होतं. आता गोळी घेतली की फक्त नेहमीसारखं वाटायचं, आणि घेतली नाही की एकामागून एक जांभया, डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, आणि पाय असे वळवळायचे की ते कापून बाजूला ठेवावेसे वाटायचे.

आमच्या घरात 'व्यसन' हा शब्द काकांचा होता. पप्पा विहारात दर पौर्णिमेला बोलतात, आणि विषय कुठलाही असला तरी शेवटी नशेवर येतात. त्यांचे वडील दारूनं गेले. पप्पांनी स्वतःच्या जिवावर शिक्षण घेतलं, सरकारी नोकरी मिळवली, आम्हाला इंग्रजी शाळेत घातलं, आणि या सगळ्याचं कारण ते एकच सांगतात: "मी पाचवं शील मोडलं नाही." घरात खोकल्याचं औषधसुद्धा ते बाटलीवरची बारीक अक्षरं मला वाचायला लावून मगच घेऊ देतात. पण माझ्या गोळ्यांवर त्यांनी कधी काही विचारलं नाही. त्या पाकिटात होत्या, डॉक्टरांनी दिलेल्या होत्या, आणि त्या माझ्या होत्या. माझ्याबद्दल काही विचारावं असं त्यांना कधी वाटलंच नाही.

मी घरच्या घरी बंद करून बघितलं. दोनदा. दुसऱ्या वेळी मी अंथरुणात आकसून पडले होते, दात वाजत होते आणि उशी ओली झाली होती. मम्मीला वाटलं व्हायरल आहे. तिनं कपाळावर हात ठेवला, पायावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पायच ठणकतोय ना गं? ऑपरेशनचा पाय असा गारठ्यात दुखतोच." मग तिनं स्वतः माझ्या ड्रॉवरमधून पाकीट शोधून काढलं, एक गोळी फोडली आणि माझ्या तोंडात घातली, लहानपणी घालायची तशी, वरून पाणी पाजत. मी ती गिळली. थोड्या वेळानं मी उठून बसले आणि चहा मागितला. मम्मीला इतका आनंद झाला की ती फोनवर मावशीला सांगत होती, "बरी झाली बघ, एका गोळीत." मी भिंतीकडे तोंड केलं.

पण डॉक्टरांकडे मी त्यामुळे गेले नाही. गेले ते ऑफिसच्या जिन्यामुळे. एका दुपारी मी वरच्या मजल्यावरून खाली येत होते, पाकिटात काही उरलं नव्हतं, आणि माझ्या मनात अगदी शांतपणे एक विचार आला की इथून पडले तर. पाय पुन्हा मोडला तर पुन्हा नवी चिठ्ठी मिळेल, कुणी प्रश्न विचारणार नाही, मम्मी पुन्हा गोळ्या देईल. मी कठड्याला धरून उभी राहिले. खाली पायऱ्या दिसत होत्या आणि कुठल्या पायरीवर कसा पाय टाकला तर डोक्याला लागणार नाही, इतपत मी ठरवत होते. मागून एक सहकारी आली, "चल ना, काय बघतेस?" म्हणाली आणि माझा दंड धरून खाली घेऊन गेली. त्या दिवसापासून मी तो जिना टाळते. मला गोळ्यांची भीती वाटत नव्हती, गोळ्या संपण्याची वाटायची. त्या दुपारी पहिल्यांदा मला माझीच भीती वाटली.

मानसोपचाराच्या डॉक्टर बाई होत्या, मम्मीच्या वयाच्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि 'डिपेन्डन्स' हा शब्द वापरला. मला बरं वाटलं. इंग्रजीत तो शब्द पुस्तकातला वाटतो, त्याला घरात कुणी ओळखत नाही. मग त्या मराठीत म्हणाल्या, "घरी दोनदा जमलं नाही ना? मग तिसऱ्यांदा घरी नको. एकदम बंद करणं धोक्याचं आहे. भरती व्हा. मी औषध देऊन हळूहळू उतरवीन, त्रास होईल पण सोसवेल इतका."

भरती. मी फक्त विचारलं, "बांधून ठेवतात का?"

त्यांना हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "नाही. दार बंद असतं. पण तुम्हाला कुणी आणलेलं नसेल, तुम्ही स्वतः आलेल्या असाल. फक्त एक, सुरुवातीचे दिवस घरचं कुणीतरी तुमच्यासोबत वॉर्डात राहायला लागेल. म्हणजे घरी सांगावं लागेल."

सोमवार ठरला. मी मान हलवून बाहेर आले. पुढचा सगळा आठवडा मी घरी सांगायचं वाक्य मनात तयार करत होते आणि ते दरवेळी इंग्रजीत तयार व्हायचं. छान, मोजकं, कुणालाच फार न लागणारं वाक्य. जेवणाच्या ताटासमोर बसलं की ते मराठीत करायला जायची आणि काकांच्या त्या एका शब्दापाशी अडून राहायची. मम्मी गृहप्रवेशाच्या याद्या सांगत असायची, पप्पा खुर्च्या कुठून आणायच्या ते. मी ताट उचलून आत जायची. आणि आता रविवार आला होता.

*

मी बांधण्याबद्दल विचारलं त्याला कारण होतं. मी शाळेत असताना एका पहाटे आमच्या जुन्या घराच्या दारात पांढरी गाडी आली होती. त्यातून उतरलेल्या माणसांनी काकांना झोपेतून उठवलं आणि दोन्ही बाजूंनी काखेत धरून नेलं. काका बनियनवर होते. "दादा, अरे दादा," एवढंच म्हणत होते. गाडी पप्पांनीच बोलावली होती, व्यसनमुक्ती केंद्राची. मी खिडकीतून बघत होते. अंगणात काकांची एक चप्पल उलटी पडली होती. पप्पांनी ती उचलली, सुलटी केली आणि चपलांच्या रॅकमध्ये ठेवली. दुसरी कुठं गेली कळलं नाही. काका काही महिन्यांनी आले तेव्हा डोकं तासलेलं होतं आणि ते कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते. वर्ष सरायच्या आत ते पुन्हा प्यायला लागले. पप्पा त्यांच्याशी कामापुरतं बोलतात. आमच्या घरात भरती होणं म्हणजे ती गाडी.

*

बौद्धाचार्य आले ते घाम पुसतच. पप्पांनी त्यांना पाणी दिलं, पुढं बसवलं. "त्रिसरण-पंचशील झालंय," पप्पा म्हणाले. "आपण पुढचं घेऊ."

"कुठलं झालंय," आत्या मागून म्हणाली. आता ती कुजबुजतही नव्हती. "चारच झालीत. पाचवं राह्यलंय. इचारा पोरीला."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यांना फक्त कळलं नव्हतं. नव्या घराच्या पहिल्या वंदनेत नेमकं पाचवं राहिलं, आणि त्यांच्याच मुलीकडून. बौद्धाचार्य समजूतदार माणूस, हसले. "होतं असं. लेकीला पाहुणे बघून बावरल्यासारखं झालं असेल. पुन्हा घेऊ की सगळे. चांगलं काम दोनदा झालं तर बिघडलं कुठं? ये बेटा, इथं माझ्याजवळ बस, माझ्याबरोबर म्हण."

लोक पुन्हा मांड्या घालायला लागले. मी उठले. पप्पांना वाटलं मी पुढं येतेय, त्यांनी जागा केली. मी चपला न घालता दाराकडे गेले. मम्मीनं स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली, हातात खिरीचा डाव. "काय गं?" मी "आले" म्हणाले आणि बाहेर येऊन दार मागं ओढलं.

काका जिन्यात बसले होते. मोबाइल बाजूच्या पायरीवर ठेवलेला, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. आमच्या कार्यक्रमाला ते कधीही पिऊन येत नाहीत, तेवढं पाळतात, आणि म्हणून दुपारपर्यंत त्यांचा चेहरा राखेसारखा होतो.

"काय मॅडम," ते म्हणाले. मी इंग्रजी शाळेत गेले तेव्हापासून ते मला मॅडम म्हणतात. "मला न्यायला पाठवलं व्हय? सांग त्यांना, काका फोनवर हायेत. दिल्लीहून फोन हाय."

"नाही, काका."

"मग? तुझ्याबगर तर तिथं गाडी हलत नाय."

मी त्यांच्याखालच्या पायरीवर बसले. आतून बौद्धाचार्यांचा आवाज सुरू झाला आणि त्यामागून सगळ्यांचा.

"तुझ्या आत्याचं ऐकलं मी इथं बसून," काका म्हणाले. "माझ्यापायी गाळलंस म्हणे. लई उपकार झाले बाई. अख्ख्या खानदानानं पहिल्यांदा चारच घेतली." ते हसले. हसताना त्यांना खोकला येतो.

"तुमच्यासाठी नाही गाळलं."

हे माझ्या तोंडून इतक्या पटकन निघालं की मीच घाबरले. काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला जांभई आली, मग लगेच दुसरी, डोळ्यांतून पाणी आलं. सकाळी घेतलेलं उतरत चाललं होतं आणि मी खिशातल्याला हात लावला नव्हता. मी नाक पुसायला हात वर केला आणि तो थरथरत होता. खाली घेतला, तर काकांनी बघितलं होतंच.

त्यांनी स्वतःचा हात गुडघ्यावर उघडा ठेवला. तोही थरथरत होता.

"काय घेतीस?" ते अगदी हळू म्हणाले. त्यात मॅडम नव्हतं.

"पायाच्या गोळ्या."

"पाय तर बरा झाला ना."

"झाला."

वरून विमान गेलं, इथं ते फार खालून जातं, काही क्षण आतलं काही ऐकू आलं नाही. आवाज विरला तेव्हा आत दुसरं संपून तिसरं सुरू झालं होतं.

"काका, तिथं काय करतात?"

"कुठं?"

"तुम्हाला नेलं होतं तिथं."

त्यांनी मोबाइल उचलला, पुन्हा ठेवला. "आधी मोबाइल घेतात. मग केस काढतात. मला बांधलं होतं पहिले काही दिवस, खाटेला." दाराकडे मान केली. "आता आत चौथं चाललंय, खोटं नाय बोलत. मारलं पण एकदा. पण मला जास्त कशाचं लागलं सांगू? कुणी इचारलंच नाय, येतो का म्हणून. इचारलं असतं तर मी नाय म्हटलो असतो, ते पण खरंय. पण इचारायचं तर."

"मला विचारलंय," मी म्हणाले.

"कुणी?"

"डॉक्टरांनी. हॉस्पिटल आहे. उद्या जायचंय. तिथं बांधत नाहीत."

"तुला काय माहीत?"

"मी विचारलं."

काका एकदम हसले. मग डोळ्यांवर हात दाबून बसले. "बांधता का म्हणून इचारलं तिनं डॉक्टरला," ते स्वतःशीच म्हणाले. "माझ्यामुळं." थोड्या वेळानं हात काढला. "दादाला सांगितलंस?"

"नाही."

"वहिनीला?"

"नाही. कुणीतरी सोबत राहायला लागतं, नाहीतर घेत नाहीत."

"मी येईन. नाय, मला बघून डॉक्टर म्हणंल, आधी तुम्हीच झोपा." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "मी सांगू का दादाला?"

"नको."

"बरोबर हाय. मी सांगितलं तर म्हणंल, तूच शिकवलं असशील."

आत पाचवं आलं. बौद्धाचार्य एकेक तुकडा सावकाश म्हणत होते, आणि त्यांच्या मागून येणाऱ्या सगळ्या आवाजांत मला पप्पांचा आवाज वेगळा ऐकू येत होता. ते पाचवं नेहमीच इतरांपेक्षा मोठ्यानं म्हणतात. लहानपणी मला त्या आवाजाचा अभिमान वाटायचा. आता मी खिशावरून हात फिरवला, पुरचुंडी तिथंच होती. वर आमच्या बाथरूमला नवी कडी आहे. आत जायचं, कडी लावायची, आणि मग बाहेर येऊन सगळ्यांना खीर वाढायची. सोमवारचं पुढच्या सोमवारी बघू. मला ते सगळं इतकं स्पष्ट दिसलं की मी उठायला कठडा धरला. कठडा नवा होता, रंगानं चिकट, आणि समोर पायऱ्या खाली जात होत्या. मी परत बसले.

'साधु' झालं. दार उघडलं आणि पप्पा बाहेर आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, कपाळावर आठ्या.

"तुम्ही दोघं इथं काय करताय?"

काका ताडकन उभे राहिले, लहान भाऊ मोठ्यासमोर राहतो तसे. "काय नाय दादा, पोरीला चक्कर आली. सकाळपासून उपाशी, त्यात एवढी गर्दी. मी म्हटलं जरा हवा लागू दे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मला वाट करून दिली होती, त्यांना येत होती ती एकच.

पप्पांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. ते दोन पायऱ्या खाली आले आणि माझ्यासमोर वाकले. इतक्या जवळून मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. "अगं, मग सांगायचं ना बेटा. म्हणून राहिलं होय पाचवं? मला वाटलं काय झालं." त्यांना इतकं हायसं वाटलं होतं की ते लपवतही नव्हते. मागं वळून त्यांनी हाक मारली, "अगं, पाणी आण हिला!" मग माझ्या पायाकडे पाहून, आवाज उतरवून म्हणाले, "मांडी घालून बसवायला नको होतं तुला. दुखतोय का? एक गोळी घे आणि आत पड जरा. पाहुण्यांचं आम्ही बघतो."

त्यांनी माझा हात धरला, उठवायला. माझा हात ओला आणि गार होता, आणि त्यांनी तो आणखी घट्ट धरला. मम्मी पाण्याचा पेला घेऊन दारात आली होती. तिच्यामागं आत्या. काका भिंतीला चिकटून उभे होते आणि त्यांनी डोळे मिटले होते. मला एवढंच करायचं होतं की उठायचं आणि पेला घ्यायचा. बाकी सगळं त्यांनी माझ्यासाठी केलेलं होतं. इंग्रजीतलं ते छान वाक्य मी शोधलं, ते नव्हतं. मी खिशातली पुरचुंडी काढून पप्पांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं तिच्यावर मिटली.

"पप्पा, मला चक्कर नाही आली. पाय पण दुखत नाही, कधीपासूनच दुखत नाही. मला या गोळ्यांचं व्यसन लागलंय. उद्या सकाळी मला भरती व्हायचंय, आणि मला लई भीती वाटतेय, म्हणून तुम्ही माझ्याजवळ राहायला या."